मेणवलीच्या घाटावर पाच जणी

आज मी तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. आमच्या बचत गटातल्या पाच जणी मागच्या हिवाळ्यात एसटीने वाईला जाऊन आलो. चिखली तालुक्यातून सातारा जिल्ह्यात, आणि कशासाठी, तर एका सिनेमाचं शूटिंग झालं ती जागा पाहायला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देव सोडून शिनेमाची जागा पाहाले चालल्या? लोकं काय म्हनतीन?" त्यांचंही बरोबर होतं. आपण बाया गावाबाहेर निघतो ते शेगावला, माहूरला, पंढरपूरला, नाहीतर लग्नाला आणि मयतीला. नुसतं मनाला वाटलं म्हणून निघायची आपल्याला सवयच नाही. शेवटी मी सांगितलं की वाईला ढोल्या गणपती आहे, त्याचा प्रसाद आणीन. मग परवानगी मिळाली.

सिनेमा होता 'स्वदेस'. २००४ च्या डिसेंबरात आला. आशुतोष गोवारीकरांनी काढलेला, शाहरुख खानचा. त्यात शिकवणारी गीता झालेली गायत्री जोशी आपल्या विदर्भातली, नागपूरची. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत नासामध्ये काम करणारा मोहन आपल्याला लहानपणी सांभाळणाऱ्या कावेरी अम्माला शोधत खेड्यात येतो. त्या गावात वीज टिकत नाही. तो गावकऱ्यांना घेऊन ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो.

आमच्या माहेरी तो पुढच्या वर्षीच्या गणपतीत दाखवला. मी अकरा वर्षांची होते. शाळेच्या मैदानात मधोमध दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणला होता आणि जनरेटर भाड्याने आणला होता, कारण तेव्हाचं भारनियमन तुम्हाला आठवतच असेल. सिनेमातही गावात पडद्यावर सिनेमा चालू असतो आणि लाईट जाते. तो प्रसंग आला तसं आमच्याकडचे लोक जनरेटरवाल्यावर ओरडायला लागले! त्याला वाटलं आपलंच काही बिघडलं. मला मात्र त्या सिनेमाने एक वेड लावलं. वाटायचं, ते गाव खरं असेल, आणि तिथे आजही स्वतःची वीज असेल. आमच्याकडे कंदिलाची काच पुसण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून असेल.

सिनेमातलं गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलंय, चरणपूर नावाचं. ते आपल्याच महाराष्ट्रातलं मेणवली आहे, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

प्रवासाचं सांगते, कारण बऱ्याच जणी विचारतात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, नाहीतर आम्ही निघालोच नसतो. संध्याकाळी चिखलीहून बसलो, सकाळी पुण्यात बस बदलली. पुढे खंबाटकी घाट, मग सुरूर फाट्यावरून वाई. वाईपासून मेणवली तीन किलोमीटर आहे, रिक्षा मिळते. आधी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. कृष्णेच्या काठावरचं हे देऊळ १७६२ चं, रास्त्यांनी बांधलेलं. मूर्ती एवढी मोठी की आमच्या काकू म्हणाल्या, "याचे मोदक कोन करत असन व माय!"

आपल्याकडे घाट म्हटलं की घाटावरचे आणि घाटाखालचे, चिखली-मेहकर वर आणि मलकापूर-शेगाव खाली. तिकडे घाट म्हणजे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. मेणवलीचा घाट नाना फडणवीसांनी बांधला, त्यांचा वाडाही तिथेच आहे. वाडा खासगी मालकीचा आहे, विचारूनच आत जावं. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि एक भली मोठी घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र उठवलेलं आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांकडून आलेली ही घंटा. महादेवाच्या दारात मेरीमाता! आम्ही बराच वेळ त्या घंटेखाली उभ्या होतो.

आणि समोर तो घाट. सिनेमाच्या शेवटी मोहन कुस्ती खेळून जिथे पाण्यात हात घालतो, ती जागा. पायऱ्या तशाच. पाणी तसंच संथ. मला एकदम घशात दाटून आलं. काकूंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, कंदील आठवला."

एक बाई धुणं धूत होती. तिने सांगितलं, शूटिंग होतं तेव्हा ती नवी सून होती. गर्दी एवढी की घाटावर धुणं धुता येत नसे. आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, "मंग कपडे कुठी धुतले?" सिनेमाच्या जागेवर जाऊन बायका हेच विचारणार! ती हसली, म्हणाली, "वरच्या अंगाला जायचो." तिथे सतत शूटिंग चालतात म्हणे. वाईच्या आसपास 'गंगाजल', 'दबंग', 'चेन्नई एक्सप्रेस' असे बरेच सिनेमे झाले. घाट आहेत, जुने वाडे आहेत, शिवाय मुंबई-पुणं जवळ. पाट्या हिंदीत रंगवल्या की झालं उत्तरेतलं गाव.

मी तिला विचारलं, "आणि ते विजेचं? तो ओढा, ते वीजघर?" ती म्हणाली, "ते इथलं नाही, ताई. आम्हाला वीज खांबावरूनच येते." मला माहीत असायला हवं होतं. तरी वाईट वाटलं.

मग आमच्यातल्या एकीच्या मुलीने फोनवरून शोधून सांगितलं, आणि घरी आल्यावर मी नीट वाचलं. ती वीज खरी होती, फक्त दुसऱ्या गावची. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्यात, बिलगाव नावाचं आदिवासी गाव आहे. रवी कुचीमंची आणि अरविंदा पिल्लालामर्री हे जोडपं अमेरिकेतून परत येऊन अशा गावांमध्ये काम करत होतं. केरळचे जाणकार आले, आणि बिलगावच्या लोकांनी श्रमदान केलं. पाणी अडवायचं, उंचावरून पाइपातून खाली सोडायचं, त्या जोराने चाक फिरतं आणि चाकाला जोडलेलं यंत्र वीज देतं. २००३ साली तिथे १५ किलोवॅटचं वीजघर सुरू झालं. म्हणजे पन्नास वॅटचे तीनशे दिवे. सिनेमातल्या विजेची गोष्ट या कामावरून आली. सिनेमा येऊन दोन वर्षंही झाली नाहीत, तोच २००६ च्या पावसाळ्यात ते वीजघर पुराच्या आणि सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालं. सिनेमातला दिवा आजही टीव्हीवर लागतो. ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले त्यांचा विझला. मला हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

घाटावर आम्ही भाकरी सोडली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, तिळाची चटणी. आमच्यातली एक मैत्रीण माझ्याच माहेरची. वस्तीतली. योगायोगाने दोघींना एकाच गावात दिलं, आणि आठ वर्षांपासून आम्ही एका गटात आहोत. सिनेमातल्या त्या पडद्याचा विषय निघाला. तुम्हाला आठवत असेल, त्या गावात पडद्याच्या एका बाजूला गावातले लोक बसतात आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे. मोहन तो पडदा खाली ओढतो.

ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आमी हा शिनेमा मांगूनच पाह्यला."

मी म्हटलं, "मागून म्हणजे?"

"पडद्याच्या मांगून. नावं सारी उलटी दिसत. मले त वाटे, शिनेमात नावं अशीच राह्यतात. न सारे लोकं डाव्या हातानं जेवतात!"

सगळ्या हसल्या, तीही हसली. मग म्हणाली, "त्यानं पडदा ओढला तवा तुमी लई टाळ्या वाजवल्या. आमीबी वाजवल्या. मंग शिनेमा संपला. तुमी इकडून गेल्या, आमी तिकडून गेलो."

मला तो दिवस चांगला आठवतो. मी पुढच्या रांगेत होते, टाळ्या मीही वाजवल्या. पडद्यामागे माणसं होती हेही आठवतं. पण पुढे जागा पुरली नसेल म्हणून ती मागे बसली असतील, असंच मी वीस वर्षं धरून चालले होते. मैदान तर अर्धं रिकामं होतं. कुणी कुणाला मागे बसा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणावंच लागलं नसेल.

मी तिला म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "तू कदी इचारलं?" आणि माझ्या ताटात ठेचा वाढला. मला पुढे काही सुचलं नाही. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींचे हप्ते भरले, बाळंतपणं काढली, बँकेत एकमेकींना जामीन राहिलो. हे एक बोललो नव्हतो.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. ती खिडकीशी. खंबाटकी उतरेपर्यंत कुणीच बोललं नाही, मग तिनेच विचारलं, "प्रसाद घेतला का सासूचा?"

यंदाच्या गणपतीत गटातर्फे 'स्वदेस' पुन्हा दाखवायचं ठरलंय. प्रोजेक्टर शाळेतून मिळणार आहे. बैठकीत मी विचारलं, पडदा कुठे लावायचा? कुणी म्हणालं मैदानात, कुणी म्हणालं पारापाशी. माझी मैत्रीण म्हणाली, "समाजमंदिराच्या भिताडाले लावा. मांगं जागाच नाही तिथी."

तसंच लिहून घेतलंय वहीत.