गाव पायी पाहावे
(प्राथमिक शिक्षकांच्या गटसंमेलनातील भाषण)



हिवाळा आला की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. सोलापूरच्या मुलांना समुद्राचे मोठे अप्रूप. पाण्यासाठी आभाळाकडे पाहणाऱ्या मुलखात वाढलेल्या मुलाने कोकणचा किनारा पाहावा, मालवणसमोरचा सिंधुदुर्ग पाहावा, हे योग्यच आहे. परंतु एस. टी.चे भाडे ज्याच्या बापाला परवडत नाही, ते मूल त्या दिवशी घरी राहते. आणि जे जाते, तेही बहुधा आपल्या गावचा तट न पाहताच परक्या गावचा तट पाहून येते. पायी सहलीला मात्र भाडे पडत नाही. तिच्यात कोणी मागे राहत नाही. म्हणूनच तिचा विचार अगोदर व्हावयास हवा.

सोलापूर शहरात पायी फिरण्याची वाट नव्याने शोधावयास नको. ती शतकानुशतके चालत आलेली आहे. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी या भूमीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा सांगते. दर वर्षी भोगीच्या दिवशी उत्तर कसब्यातील हिरेहब्बूंच्या वाड्यापासून नंदीध्वजांची मिरवणूक निघते व या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालते. गावाची सीमा चालून जाणावी, ही बुद्धी त्या परंपरेत आहे. शिक्षकाने तिच्यातून एवढेच घ्यावे की, गाव पायांनी कळते.

वर्गासाठी मात्र वाट लहान असावी. चार ठिकाणे पुरेत. आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच असावा. दहा ठिकाणे दाखविणारा शिक्षक मुलांना दमवितो. माहिती सांगत सुटणारा शिक्षक त्यांना झोपवितो.

पहिले ठिकाण सिद्धेश्वर तलाव. येथे मुलांनी काठाचा एक भाग पावलांनी मोजावा. दुसऱ्या दिवशी वर्गात पावलांचे मीटर करावेत. प्रश्न असा : नदी नसलेल्या या जागी एवढे पाणी कोणी व कशासाठी साठविले?

तलावाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहामनी काळातील ह्या किल्ल्याला दुहेरी तट असून तलावाचे पाणी त्याची एक बाजू राखते. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो घेतला व पेशवाईचा येथील अंमल संपला. तटात जागोजाग कोरीव दगड बसविलेले दिसतात. फुले, वेली, मूर्तींचे तुकडे. प्रश्न एकच विचारावा : भिंतीच्या दगडावर इतकी नक्षी कशाला? दगड पूर्वी दुसऱ्या इमारतीचा होता, हे उत्तर मुलानेच शोधून काढले, तर इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे त्याला व्याख्येवाचून समजते.

तेथून पुढे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी यावे. 6 एप्रिल 1930 रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन ह्या चौघांना येरवड्यास फाशी देण्यात आली. येथे भाषण करू नये. चारही नावे मुलांनी मोठ्याने वाचावीत व ह्या नावांत त्यांना काय दिसते, एवढेच विचारावे. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या समाजांतून आलेली ही माणसे एका दिवशी, एका कारणासाठी गेली, हे मुले स्वतःच सांगतील.

चौथे ठिकाण प्रत्येक शाळेने आपल्या वस्तीतून निवडावे. भैय्या चौकाजवळच्या शाळेला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये चीनच्या जखमी सैनिकांच्या सेवेस गेला व 1942 मध्ये तेथेच वारला. गिरणगावातील शाळेला बंद पडलेल्या गिरणीची चिमणी आहे. पूर्वभागातील शाळेला तर माग आहेतच.

ह्या चौथ्या ठिकाणाचे महत्त्व समजण्यासाठी एका वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वर्ग चौथीचा. शेवटच्या रांगेत एक मुलगी बसते. घरची भाषा तेलुगु. वर्गात तिचे तोंड उघडत नाही. गुरुजींनी तिच्या प्रगतिपत्रकावर “मंद” असा शेरा मारून ठेवला आहे. सहलीची रांग तिच्याच गल्लीत शिरते. खटखट आवाज येतो. गुरुजी विचारतात, “हा कसला आवाज?” ती रांगेतून पुढे येते. धोटा कसा जातो, कांडी केव्हा संपते, धागा तुटला तर गाठ कशी द्यावयाची, हे ती बोटांनी करून दाखविते. “आमच्यात मागाला मग्गम म्हणतात, गुरुजी,” ती सांगते. शेजारचा कन्नड घरचा मुलगा म्हणतो, “आमच्यात मग्ग.” माग, मग्ग, मग्गम! त्या दिवशीचा भाषेचा पाठ फळ्यावाचून होतो. आणि शाळेत आल्यावर गुरुजींना तो शेरा खोडावा लागतो.

अशी मुले कोणत्या वर्गात नाहीत? त्यांना बोलावयास जागा मिळत नाही, एवढेच. ती जागा अनेकदा वर्गाबाहेर असते.

खेड्यातील शिक्षकांनी ही गोष्ट शहराची म्हणून सोडून देऊ नये. भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके 940, म्हणजे इ. स. 1018, मधील शिलालेख आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यांनी जिल्ह्यात गावोगाव हिंडून असे कितीतरी लेख शोधले. गावकरी ज्या दगडाजवळून रोज जात होते, तोच दगड डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याने वाचला. प्रत्येक गावाला वेस आहे, ओढा आहे, पार आहे. कोठे वीरगळ, कोठे जुनी बारव आहे. मुलांनी शेंदराखालचा दगड खरवडू नये, पण पाहावा व विचारावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शिक्षकाने वाट आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी. सहल सकाळी सातला निघून ऊन चढण्यापूर्वी परतावी. पालकांची संमती घ्यावी. रांगेच्या पुढे एक व मागे एक शिक्षक असावा. पाणी बरोबर असावे. ज्या मुलाला चालणे अवघड आहे, त्याच्या बेताने वाट आखावी, त्याला वगळू नये. वाटेत वह्या काढावयास लावू नयेत. दुसऱ्या दिवशी मुलांनी आठवणीने नकाशा काढावा. तो चुकीचा असला तरी चालेल; चूक कोठे झाली, हे पाहावयास पुन्हा एकदा जाता येते.

हे नकाशे शाळेने जपून ठेवावेत. गावात कोणी पाहुणा आला, तर त्याला वाट दाखवावयास ह्याच मुलांना पुढे करावे. आपल्या गावची वाट दुसऱ्याला दाखविता येणे, ही परिसर अभ्यासाची खरी परीक्षा होय. तटाच्या ज्या दगडाविषयी मुलाने एकदा प्रश्न विचारला, त्यावर ते पुढे आपले नाव कोरणार नाही.

समुद्र आहे तेथेच आहे. तो पुढे केव्हाही पाहता येईल. सिद्धेश्वराचा तलाव मात्र याच वर्षी, याच वर्गाने पाहावा.