दंड कोणाला?

मँचेस्टरच्या उत्तरेस, कापडगिरण्यांच्या जुन्या मुलखात, बेरी हे गाव वसले आहे. तेथील फुटबॉल संघ १८८५ साली स्थापन झाला. १९०३ साली एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी कौंटीवर सहा गोल चढविले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. आजोबांनी नातवाला बोटाशी धरून गिग लेनच्या मैदानावर न्यावे, हा क्रम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालला.

डिसेंबर २०१८ मध्ये हा संघ एका पौंडाला विकला गेला. किंमत एक पौंड. मागे देण्यांचा डोंगर! पगार थकलेले असतानाही खेळाडूंनी त्या मोसमाअखेर वरची श्रेणी मिळविली, हा पराक्रम काही लहान नव्हे. परंतु लीगच्या कायद्यात गोलांबरोबर जमाखर्चही मोजला जातो. धनकोंशी तडजोड करावी लागली म्हणून नव्या मोसमाआधीच बारा गुण वजा झाले. पुढील खर्चाची तरतूद कोठून होणार, याचा समाधानकारक पुरावा मिळेना; सामने एकामागून एक तहकूब झाले. नवा खरेदीदार येणार या आशेने गावकरी झाडू व फडकी घेऊन मैदानावर जमले आणि त्यांनी खुर्च्या पुसून लख्ख केल्या. खरेदीदार माघारी फिरला. २७ ऑगस्ट २०१९ च्या रात्री लीगने संघाचे सदस्यत्व काढून घेतले.

असले नियम निष्ठुर खरे, पण निरर्थक नव्हेत. उधारीवर खेळाडू जमविणारा संघ पदरच्या पैशात भागविणाऱ्यावर अन्यायच करीत असतो. प्रश्न आहे तो दंड कोणाच्या माथी बसतो याचा. प्रीमियर लीगमध्ये एव्हर्टनचा तीन वर्षांचा तोटा साडेदहा कोटी पौंडांची मर्यादा १.९५ कोटींनी ओलांडून गेला, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले. अपील झाले आणि फेब्रुवारीत दहाचे सहा झाले. पुढे आणखी दोन गेले, तरी संघ आपल्या श्रेणीत टिकला. बेरीच्या आजोबांना मात्र शनिवारी नातवाला न्यावयास जागाच उरली नाही. आणि हिशेबाच्या वह्या काही त्यांच्या हाती नव्हत्या.

२०२५ साली ब्रिटिश संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा संमत केला. मालकाची पात्रता तपासण्याचा अधिकार त्याला मिळाला. तत्पूर्वीच, २०२३ साली, बेरीचा संघ गिग लेनवर परतला होता, कित्येक श्रेणी खाली, पण समर्थकांच्या मालकीचा होऊन.