पोटाची परिभाषा आणि रुग्णाचा शब्द

(मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारी रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे यांचा मेळ घालण्यात माझी उमेद गेली. अशा माणसाने वैद्यकीय परिभाषेवर बोलावे, ही अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु केसपेपर, संमतीपत्र, देयक आणि योजनेचा अर्ज या मार्गांनी डॉक्टरांचा जवळजवळ प्रत्येक शब्द कधी ना कधी माझ्या टेबलावर येतो. त्यांत पोटाच्या विकारांचे शब्द फार. शिवाय त्यांतील दोन शब्दांशी माझे घरगुती नाते आहे.

मराठीत वैद्यकाचे शब्द नाहीत, ही तक्रार खरी नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि त्याच शतकात तेथे मराठीतूनही वैद्यकाचे वर्ग चालले. १९६० साली राज्य शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. त्याच्या परिभाषा कोशांत वैद्यकालाही स्थान मिळाले. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मलाशय हे शब्द शालेय पुस्तकांतून घरोघरी पोहोचले. काही मराठी संज्ञा तर मूळ संज्ञांहून सुबोध आहेत. लहान आतड्याच्या पहिल्या भागास ड्युओडेनम म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'बारा' या संख्येवरून आला, कारण त्या भागाची लांबी सुमारे बारा बोटांच्या रुंदीइतकी. पुढील भाग जेजुनम, म्हणजे 'रिकामा'. शवविच्छेदनात तो बहुधा रिकामा आढळे. मराठीने त्यांना आद्यांत्र, मध्यांत्र आणि शेवटच्या भागास शेषांत्र म्हटले. नाव उच्चारताच जागा कळते.

तेव्हा अडचण शब्दांच्या अभावाची नाही. एकच शब्द दोन अर्थांनी घेऊन रुग्ण आणि डॉक्टर समोरासमोर बसतात, ही खरी अडचण आहे.

माझे वडील धानाचे शेतकरी होते. रोवणीच्या दिवसांत एकदा बांधीतून घरी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मूळव्याध झाली वाटते." शौचावाटे रक्त जात होते. घरात कोणी अधिक विचारले नाही. तो विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हता. मी औषधाच्या दुकानातून मूळव्याधीची गोळी आणि मलम आणून दिले. असे दीड वर्ष चालले. वजन उतरले, पोट साफ झाल्यासारखे वाटेना, तेव्हा त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले. तेथे कळले की ती मूळव्याध नव्हतीच. मलाशयाचा कर्करोग होता.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर आम्ही रक्कम बरोबर लिहिली आणि खाते चुकीचे निवडले. रक्त हे लक्षण. मूळव्याध हे निदान. मूळव्याध, भगंदर, गुदद्वाराची चीर, आमांश, कर्करोग या सर्वांत रक्त दिसू शकते. नोंदणी खिडकीवरील आपला कर्मचारी रुग्णाने सांगितले म्हणून 'मूळव्याध' लिहितो, तेव्हा नकळत तोच निदान करून मोकळा होतो. तेथे 'शौचावाटे रक्त, इतक्या दिवसांपासून' एवढेच लिहावे. पुढचे काम डॉक्टरांचे.

रक्ताची दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी. जठरात किंवा आद्यांत्रात रक्तस्राव झाला तर शौचास लाल नव्हे, डांबरासारखी काळी आणि चिकट होते. डॉक्टर त्यास मेलेना म्हणतात. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, आणि आपल्याकडील अनेक भगिनी त्या गोळ्या घेतात. म्हणून 'काळी होते' असे कोणी सांगितल्यास घाबरवू नये आणि दुर्लक्षही करू नये. गोळ्या चालू आहेत का ते विचारून लिहावे आणि डॉक्टरांना तात्काळ दाखवावे.

आता 'पित्त' घ्या. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक. आधुनिक वैद्यकात यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा रस. आणि आपल्या घरात? छातीत जळजळले तरी पित्त, आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच. आंबट ढेकरेचा दोष जठरातील आम्लाकडे असतो. 'पित्ताशयात खडे आहेत' असे सांगताच रुग्ण म्हणतो, "होय, मला पित्ताचा त्रास आहेच," आणि आम्लपित्ताच्या गोळीवर भागेल असे समजून घरी जातो. 'जुलाब' शब्दही असाच दुहेरी: पोट साफ करण्याचे औषध तोही जुलाब आणि पातळ शौचास होणे तोही जुलाब. रुग्णाने जुलाब घेतला की त्यास जुलाब झाले, हे विचारलेच पाहिजे.

'कावीळ' तर आपल्या जिल्ह्यात विशेष काळजीचा शब्द. झाडीपट्टीतील आजीबाई सांगतात, "डोरे पिवरे झाले." हे निरीक्षण अचूक असते, झाडीबोलीत डोळ्याचा डोरा होतो, एवढेच. चूक पुढे होते, कारण कावीळ हा एकच रोग समजून ती उतरवून घेण्यास, गळ्यात माळ घालण्यास माणसे जातात. वस्तुतः कावीळ हेही लक्षणच. दूषित पाण्यातून येणारा यकृतशोथ, रक्तावाटे पसरणारा यकृतशोथ, पित्तवाहिनीत अडकलेला खडा, मद्याने बिघडलेले यकृत, अशी तिची अनेक कारणे. पूर्व विदर्भात आणखी एक कारण विसरून चालत नाही: सिकलसेल. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, डोळे पिवळे दिसतात आणि कोवळ्या वयातही पित्ताशयात खडे होतात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्याचा उपयोग व्हायचा तर पोटदुखीने कळवळणाऱ्या मुलाच्या केसपेपरवर 'सिकलसेल तपासणी झाली आहे का' हा प्रश्न असलाच पाहिजे.

आता दुसरा शब्द. इंग्रजी संज्ञांची शेपटी ओळखली की अर्धे काम होते. 'आयटिस' म्हणजे शोथ: हिपॅटायटिस, यकृतशोथ. 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीने पाहणे. 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणे. 'ऑस्टॉमी' म्हणजे नवे तोंड करणे. कोलेक्टॉमी आणि कोलोस्टॉमी हे शब्द कानाला जवळजवळ सारखे. पण पहिल्यात मोठे आतडे किंवा त्याचा भाग काढतात, दुसऱ्यात आतड्याचे तोंड पोटावर आणून तेथे पिशवी लावतात.

वडिलांच्या संमतीपत्रावर 'कोलोस्टॉमी' लिहिले होते. सही मी केली. पदवीधर होतो, इंग्रजी वाचता येत होते, अर्थ विचारण्याची लाज वाटली. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी पोटावर हात नेला आणि विचारले, "हे काय केले रे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. शस्त्रक्रिया योग्यच होती. तिच्यामुळे ते आणखी तीन वर्षे जगले. परंतु त्या तीन वर्षांत ते कोणाच्या लग्नाच्या पंगतीस बसले नाहीत. आधी कोणी चार शब्दांत सांगितले असते, पिशवी घेऊनही शेतावर जाता येते हे दाखविले असते, तर कदाचित बसले असते.

म्हणून तीन विनंत्या करतो. नोंदणीच्या वेळी रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, मग ते झाडीबोलीत असोत, पोवारीत, गोंडीत वा बालाघाटकडच्या हिंदीत. घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर वैद्यकीय संज्ञेखाली एक ओळ साध्या मराठीत असावी. तेथे 'आंत्रपुच्छशोथ' लिहिण्याचा हट्ट नको, 'अपेंडिक्सला सूज' पुरे. आणि संमतीपत्र वाचून दाखविल्यावर रुग्णाला विचारावे, "आता तुम्ही मला सांगा, काय करणार आहेत?" त्याने सांगितले तरच सही घ्यावी.

डॉक्टरांचा वेळ मोलाचा आहे, हे मी जाणतो. या तीन गोष्टींस लागणारी मिनिटे प्रशासनाने आपल्या खाती घ्यावीत, अशी माझी तयारी आहे.