वर्गाचे वर्ष

पंचांगाचे वर्ष चैत्रात लागते, सरकारी जमाखर्चाचे एप्रिलात; परंतु ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्या घराचे खरे वर्ष जून महिन्यात उजाडते. नव्या पुस्तकांचा वास, वह्यांना घातलेली खाकी कव्हरे, पावसाने ओली झालेली दप्तरे आणि या सर्वांहून बिकट असा एक प्रश्न : वर्गात कोणी कोणाशेजारी बसावयाचे? मोठ्यांना तो क्षुल्लक वाटतो. पण जन्मभर पुरणारे कितीतरी स्नेह या एका बाकावर जडलेले असतात.

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष हा त्याचा क्रम मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिलेली ती प्रतिज्ञा आज पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच छापलेली आढळते. ती सांगण्याची पाळी वर्गावर्गांतून फिरते, आणि एरवी तोंड न उघडणारा एखादा मुलगा त्या सकाळी साऱ्या शाळेपुढे उभा राहतो. त्याचा आवाज कापतो खरा. परंतु दुसऱ्या दिवशी तो थोडा ताठ चालू लागतो.

वर्षभर अशा संधी येतच असतात. १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीस, वक्तृत्वस्पर्धा होतात. ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, दहावीची मुले शिक्षक बनून खालच्या वर्गांवर जातात, आणि गलबला आवरता आवरता आपल्या गुरुजनांविषयी त्यांच्या मनात प्रथमच कणव उत्पन्न होते. रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांच्या निमित्ताने गणितात मागे पडणाऱ्या मुलीचा हात किती सफाईदार आहे, हे वर्गाला कळते. दिवाळीनंतर कबड्डी व खो-खोचे सामने, सहल आणि अखेर स्नेहसंमेलन! पडदा ओढणारा, उसना फेटा मिळवून आणणारा, नाटकातील विसरलेले वाक्य आडून सांगणारा, या साऱ्यांना तेथे काम असते. गुणपत्रकात ज्यांचे नाव शेवटी येते, त्यांचे नाव येथे कोणी प्रथम पुकारतो.

या गोष्टींचे मोल किती, हे एका वर्षाने विलक्षण रीतीने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा व्हावयाचा राहिला होता. तो अखेर रद्दच झाला. पुढील वर्षाचा बराचसा काळ अभ्यास घरोघरी, मोबाइलच्या पडद्यावर चालला. ज्या घरी तो नव्हता, तेथे तोही नाही. २०२१ ची दहावीची परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात शेकडा ९९.९५ विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. इतका भरघोस निकाल आणि इतके रिते वर्ष यांची गाठ पूर्वी कधी पडली नसेल. धडे पुरे झाले, परंतु बाक नव्हता, मधल्या सुट्टीतला वाटून खाल्लेला डबा नव्हता, संमेलन नव्हते. पडद्यावर मुलांची नावे दिसत होती. वर्ग मात्र कोठेच नव्हता.

तेव्हा आपत्तीने जे हिरावून नेले, तेच आज पुष्कळ घरांत राजीखुशीने काढून घेतले जाते. मूल दहावीत गेले की त्याचे नाटक बंद, खेळ बंद, सहल बंद. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, सायंकाळी पुन्हा शिकवणी. आईबापांची काळजी खोटी नाही. दहावीच्या परीक्षेवर पुढील मार्ग पुष्कळसा अवलंबून असतो. परंतु संमेलनातील चार संध्याकाळींमुळे परीक्षा बुडत नाही, आणि त्या संध्याकाळी हुकल्या तर पुढे कोणत्याही शिकवणीत त्या भरून निघत नाहीत.

फेब्रुवारीत निरोपसमारंभ होतो. सदैव एकत्र वावरलेली मुले त्या दिवशी एकमेकांकडे निराळ्याच दृष्टीने पाहतात. निरोप घ्यावयाचा तर आधी सहवास घडलेला असावा लागतो. घरातील मुलाला तो लाभला आहे ना, हे परीक्षेच्या वेळापत्रकावर खूण करताना वडील मंडळींनी एकदा पाहून घ्यावे.