वय केवळ वर्षांनी मोजता येत नाही

(बुरोंडी, ता. दापोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सहाव्या वर्षी शाळा, चौदाव्या वर्षी कामाची मुभा आणि अठराव्या वर्षी मताचा अधिकार अशी वयाची वाटणी कायद्याने केली आहे. कारभारासाठी ती आवश्यकच आहे. परंतु माणसाची वाढ पंचांगाप्रमाणे होते काय?

याच किनाऱ्यावरील मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. सतरा वर्षे पूर्ण झाली होती. पण अंगकाठी लहान. वय तेवढे दिसत नाही, एवढ्यावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. गावी सोमण गुरुजींच्या उत्तेजनाने वडीलधाऱ्यांना वृत्तपत्र वाचून दाखविणाऱ्या या मुलाची समज कोणी पाहिलीच नाही. पुढल्या वर्षी ते कोल्हापुरास उत्तीर्ण झाले.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी अशा बाह्य मोजमापावरच आक्षेप घेतला. वाढीचा टप्पा दातांवरून वा उंचीवरून ठरत नाही. मूल आणि भोवतालचा समाज यांच्यातील त्या काळच्या विशिष्ट नात्यावरून ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मूल वाढते तसे जुने नाते अपुरे पडू लागते. म्हणून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व तेराव्या वर्षाच्या सुमारास पेचप्रसंग उद्भवतात. ‘माझे मीच करीन’ हा तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट म्हणजे नव्या नात्याची मागणीच होय. त्यांचे सहकारी लिओंतिएव्ह व शिष्य एल्कोनिन यांनी पुढे दाखविले की प्रत्येक टप्प्याला एक प्रमुख व्यवहार असतो: तान्हेपणी मायेचा संवाद, मग वस्तूंची हाताळणी, मग खेळ, त्यानंतर अध्ययन आणि कुमारवयात सवंगड्यांशी जिव्हाळा.

यातून राजकीय प्रश्न निर्माण होतो. मूल वाढते ते समाजाने देऊ केलेल्या व्यवहारांतून. मग खेळ व अध्ययन कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही? बुरोंडीसारख्या बंदरावर आजीजवळ बसून मासळी निवडणारे मूल नावे विचारते, मोजते, भाव समजून घेते, तेव्हा ते शिकतच असते. आज मोठ्यांच्या मदतीने जे जमते ते उद्या एकट्याने जमेल, हेच व्हिगॉट्स्कींचे सूत्र. परंतु केवळ हात हवे असतात आणि प्रश्न नको असतात, तेथे श्रम वाढीला खुंटवितात. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा मिळाली. जातीने ठरवून दिलेला धंदा मुलाच्या पाठीशी लागण्याचा धोका या सवलतीत आहे.

मुलाच्या श्रमावर घर चालते, त्याला आईबाप काय करणार, असे कोणी म्हणेल. दारिद्र्याचे हे दडपण खरे आहे. त्याचे एक उत्तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला दिले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढून शाळाच कुरणात नेली. मूल ‘मागे’ आहे असा शिक्का न मारता त्याच्या परिस्थितीत नवे नाते निर्माण केले.

कार्यकर्त्यांनी गावात पटसंख्या विचारावीच. पण शाळेनंतर मूल कोणाबरोबर असते, काय करते आणि त्याच्या प्रश्नांना कोण उत्तर देते, याचीही चौकशी करावी. अंगणवाडी, वाचनालय आणि आईबापांना पुरेशी मजुरी या मागण्या तेव्हाच एका सूत्रात येतील.