उपनगरांतील कबड्डी : मंडळ, जिल्हा आणि मैदान

मुंबई आणि खेळ हे शब्द एकत्र आले, कीं सुशिक्षित घरांत पहिली आठवण होते ती क्रिकेटची. वर्तमानपत्रांचे रकाने क्रिकेटचे, जेवतांना बापलेकांचे वाद क्रिकेटवरचे, आणि आंतरपाटाएवढ्या रुंदीच्या बोळांतहि फळी व चेंडू घेऊन पोरें जमतात तीं क्रिकेटसाठींच. परंतु दिवेलागणीच्या सुमारास हार्बर मार्गावरील गोवंडी स्टेशनाबाहेर पडून देवनारच्या अंगास चालूं लागणाऱ्याच्या कानीं एखादे वेळीं निराळाच नाद पडतो. एका श्वासांत, खंड न पडूं देतां घोकलेला ‘कबड्डी, कबड्डी’ हा तो नाद होय. या खेळाला फळी लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं. लागतात तीं चौदा माणसें, थोडी मऊ माती आणि छातींतला दम.

देवनार हें नांव शहरांतील बहुतेकांना ठाऊक आहे तें दोन गोष्टींमुळें. १९२७ पासून शहराचा केर येथें येऊन पडूं लागला, आणि १९७१ सालीं वांद्र्याचा कत्तलखाना येथें हलविण्यांत आला. १९५४ मध्यें टाटा समाजविज्ञान संस्थेनें येथें वास्तव्य केलें, ही त्याची तिसरी आणि अधिक सुखद ओळख. शेजारीं चेंबूर व तुर्भे येथील तेलशुद्धीचे आणि खताचे कारखाने आहेत. अर्थात् या पट्ट्यांतील वस्ती मुख्यतः कष्टकऱ्यांची. अशा वस्तींत कबड्डीचें मंडळ कसें उभें राहतें, तें जिल्ह्याच्या सामन्यांपर्यंत कसें पोंचतें, आणि त्याच्या वाटेंत आज कोणती अडचण उभी आहे, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

मंडळ म्हणजे कांहीं मोठी संस्था नव्हे. पुष्कळदा गणेशोत्सव, शिवजयंती आणि व्यायामशाळा यांच्याच जोडीला कबड्डीचा एक संघ असतो. एखादा जुना खेळाडू, ज्याचे गुडघे आतां साथ देत नाहींत, तो शिक्षकाचें काम करतो. एखादा दुकानदार गणवेषाचें कापड देतो. मुलें दिवसपाळी संपवून किंवा कॉलेज आटोपून येतात, माती चाळतात, तिच्यावर पाणी शिंपतात, चुन्यानें रेषा आंखतात आणि मग खेळूं लागतात. वेतन कोणासच नाहीं. उलट प्रवासाचा खर्च वर्गणी काढून भागवावा लागतो. तरीहि वर्षानुवर्षें हें चालतें, कारण त्या संघाच्या पाठीवर वस्तीचें नांव असतें, आणि तें नांव हरूं नये असें म्हातारीकोतारींनाहि वाटत असतें.

हें मंडळ जिल्हा संघटनेकडे नोंदलें गेलें, कीं त्याच्यापुढें एक शिडी उभी राहते. मुंबई उपनगर जिल्ह्यांत कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे तीन तालुके येतात, व शासकीय दृष्ट्या हा जिल्हा १९९० सालीं शहरापासून वेगळा झाला. देवनार हें त्यांपैकीं कुर्ला तालुक्यांत मोडतें. जिल्ह्याच्या सामन्यांत संघांच्या श्रेणी असतात. नवें मंडळ खालच्या श्रेणींत उतरतें, आणि विजय मिळवीत वर सरकतें. वयाचे गटहि निराळे. किशोर सोळा वर्षांपर्यंतचे, कुमार वीस वर्षांपर्यंतचे, आणि त्यापुढें प्रौढ. वजनाचीहि मर्यादा असते. प्रौढ पुरुषांस ८५ किलोंची, तर महिलांस ७५ किलोंची. सामन्याच्या दिवशीं कांट्यावर पाव किलो अधिक भरलें म्हणून मैदानाला धांवत फेऱ्या घालणारा तरुण हें या सामन्यांतील नेहमींचें दृश्य आहे. जिल्ह्याच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांतून जिल्ह्याचा संघ निवडतात. तो राज्य स्पर्धेंत उतरतो, आणि तेथून महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठीं सिद्ध होतो. म्हणजे दिल्लीस वा हैदराबादेस महाराष्ट्राच्या गणवेषांत चढाई करणारा खेळाडू एके काळीं कोठल्या तरी आळींतच पहिल्यानें पडलेला आणि उठलेला असतो.

हा खेळ नियमबद्ध करण्याचें श्रेय बव्हंशीं महाराष्ट्राकडे व बडोद्याकडे जातें. पूर्वी हुतूतू या नांवानें तो गांवोगांव खेळला जाई, आणि प्रत्येक गांवचा कायदा वेगळा असे. कोठें बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होई, कोठें होत नसे. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें नियमांस निश्चित रूप दिलें. १९३६ मध्यें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें देशी खेळांची प्रात्यक्षिकें दाखविलीं, त्यांत कबड्डीहि होती. १९५० मध्यें अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढें शंकरराव तथा बुवा साळवी यांनीं आपलें आयुष्य या खेळास वाहिलें. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस पदकाचा मान मिळाला आणि पहिलें सुवर्णपदक भारतानें जिंकलें. २०१२ सालीं पाटणा येथें महिलांचा पहिला विश्वचषक भारतानें मिळविला, तेव्हां त्या संघांत अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. मुलीच्या जातीला हा खेळ शोभत नाहीं, असें म्हणणाऱ्यांस याहून अधिक उत्तर देण्याची गरज नाहीं.

मंडळ, जिल्हा आणि राष्ट्र अशी ही रचना जगांत एकट्या महाराष्ट्रांतच आहे असें नाहीं. आयर्लंडच्या थर्ल्स या गांवीं १ नोव्हेंबर १८८४ रोजीं मायकेल क्युसॅकप्रभृति मंडळींनीं गेलिक अॅथलेटिक असोसिएशन नांवाची संस्था स्थापिली. परकी सत्तेच्या काळांत आपले देशी खेळ लोप पावूं नयेत, हा तिचा हेतु होता. गेलिक फुटबॉल हा त्यांपैकीं एक. त्यांत प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात, आणि चेंडू हातांनीं व पायांनीं दोन्ही प्रकारें खेळवितात. तेथें प्रत्येक गांवचा क्लब असतो, क्लबांचे सामने होऊन परगण्याचा संघ निवडतात, आणि बत्तीस परगण्यांच्या त्या देशांत अंतिम सामना डब्लिन येथील क्रोक पार्कवर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर होतो. इतकें असूनहि खेळाडूंस वेतन नाहीं. रविवारीं देशभर ज्याचा जयजयकार झाला, तो शिक्षक वा शेतकरी पुढें आपल्या नेहमींच्या कामावर रुजू होतो.

देशी खेळ, वस्तीचा संघ, जिल्ह्याचा अभिमान आणि विनावेतन सेवा या चार गोष्टींत आयर्लंड व महाराष्ट्र यांचें साम्य आहे. परंतु एका गोष्टींत मोठें अंतर आहे. तेथील बहुतेक क्लबांजवळ स्वतःच्या मालकीचें मैदान आहे. पिढ्यान् पिढ्या वर्गणी गोळा करून गांवकऱ्यांनीं तें विकत घेतलें आहे. खेळाडू म्हातारे होतात, पदाधिकारी बदलतात, परंतु मैदान आपल्या जागीं राहतें, आणि नवीं पोरें त्यावर येऊन उभीं राहतात. उपनगरांतील कबड्डी मंडळाच्या पायांखालची माती मात्र बहुधा उसनी असते.

ही उणीव किती बोंचते, तें समजण्यासाठीं जिल्ह्याचा एक सामना डोळ्यांपुढें आणावा. संध्याकाळची वेळ आहे, दिवे लागले आहेत, आणि खालच्या श्रेणींतील दोन संघ वरच्या श्रेणींत जाण्यासाठीं झगडत आहेत. दोन मिनिटें उरलीं आहेत आणि एका गुणाचा फरक आहे. चढाईस जाणाऱ्याची ही तिसरी चढाई. आधींच्या दोन रिकाम्या गेल्या असल्यामुळें गुण मिळविल्यावांचून परत आला तर तो बाद. समोर अवघे तीन गडी असल्यानें त्यांनीं त्याला धरलें तर अव्वल पकड म्हणून दोन गुण त्यांचे. त्यानें तिघांनाहि टिपलें तर त्या गुणांवर लोणाचे दोन अधिक. तीस सेकंदांत हें सारें घडावयाचें आहे. बाहेर त्याच्या वस्तींतील माणसें श्वास रोधून उभीं आहेत. गुणफलकावर कोणताहि आंकडा लागो, एवढें खरें कीं त्या तीस सेकंदांतला विवेक त्या पोरानें कोणत्याहि वर्गांत शिकलेला नाहीं. तो त्यास आळींतल्या मातीनें शिकविलेला आहे.

२६ जुलै २०१४ पासून प्रो कबड्डी लीग सुरू झाली. दूरचित्रवाणीवर कबड्डी घरोघर दिसूं लागली आणि खेळाडूंस पैसा मिळूं लागला. यांत वाईट कांहींच नाहीं. ज्या खेळाडूनें बरगड्या मोडून घेतल्या, त्यास चार पैसे मिळावे हें न्याय्यच आहे. २०१८ सालच्या लिलावांत मुंबईच्या रिशांक देवाडिगावर एक कोटि अकरा लक्ष रुपयांची बोली लागली. त्याच वर्षीं जानेवारींत हैदराबाद येथें त्याच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. परंतु त्या किंमतीस त्याला घेतलें तें उत्तर प्रदेशाच्या नांवाच्या संघानें. लिलावाचा संघ गांवाचें नांव घेतो, खेळाडू मात्र बाजारांतून आणतो. जिल्ह्याचा संघ जिल्ह्याच्या मंडळांतूनच उभा राहतो. म्हणून लीग हें झाडाचें फळ आहे आणि मंडळ हें मूळ आहे, एवढा भेद ध्यानांत ठेवावा. मध्यंतरीं बँका, रेल्वे, पोलीस आणि तेल कंपन्या यांनीं खेळाडूंस नोकऱ्या देऊन या झाडास पाणी घातलें. कष्टकरी घरांतील कित्येक मुलांचा संसार कबड्डीवर मिळालेल्या नोकरीनेंच उभा राहिला. अशा नोकऱ्या जेथें आटतात, तेथें आईबाप मुलास विचारूं लागतात, ‘खेळून पोट भरणार आहे काय?’ आणि या प्रश्नापुढें चांगला चांगला चढाईबहाद्दरहि निरुत्तर होतो.

दुसरी अडचण मॅटची. मोठे सामने आतां मातीवर होत नाहींत, मॅटवर होतात. मातीवर अनवाणी खेळून तयार झालेला गडी मॅटवर बूट घालून उतरतो तेव्हां त्याचें पाऊल फसतें, वळतांना गुडघा दुखावतो. मॅट विकत घेण्याची ऐपत लहान मंडळास नसते, आणि घेतली तरी ती पावसापासून वांचवून ठेवावी कोठें, हा पुढचा प्रश्न.

आणि सगळ्यांत मोठी अडचण जागेची. पुरुषांच्या कबड्डीचें क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतें, म्हणजे एकशें तीस चौरस मीटर. सोसायटीच्या आवारांत दहाबारा मोटारी उभ्या करावयाच्या तर याहून कमी जागा पुरत नाहीं. देवनारची कचराभूमि सुमारें १३२ हेक्टर आहे. नुसत्या त्रैराशिकानें पाहिलें तर तेवढ्या जागेंत दहा हजार क्रीडांगणें मावलीं असतीं. कचरा कोठें तरी टाकावाच लागतो, हें खरें. परंतु जें शहर आपल्या केरासाठीं एवढी भूमि देऊं शकतें, त्यास त्याच भागांतील मुलांसाठीं एकशें तीस चौरस मीटर देतां येऊं नयेत, असें कोण म्हणेल? कागदावर मैदानांसाठीं जागा राखलेल्या असतात. त्या कागदावरून जमिनीवर उतरेपर्यंत मुलांची एक पिढी खेळण्याचें वय ओलांडून जाते.

कुर्ल्याचें स्वस्तिक क्रीडा मंडळ किंवा महिलांत महात्मा गांधी स्पोर्ट्स यांसारख्या उपनगरांतील संघांचीं नांवें राज्यभर गाजलीं. एकेका संघामागें लोकांचा कित्येक वर्षांचा आश्रय असतो. हा आश्रय देणें सुशिक्षित घरांना अवघड नाहीं. घराजवळील मंडळाच्या सामन्यास एक संध्याकाळ कुटुंबासह जाऊन बसावें. मुलानें किंवा मुलीनें खेळावयास जाण्याची परवानगी मागितली तर परीक्षेचें कारण सांगून दर वेळीं ती नाकारूं नये. आरडाओरड होते म्हणून पोरांना हांकलून देण्यापूर्वी, त्यांना जावयास दुसरी जागा आहे कीं नाहीं याची चौकशी करावी. आणि आपल्या विभागांत मैदान म्हणून राखलेली जागा कोणती, ती आज कोणाच्या ताब्यांत आहे, हें महापालिकेच्या विभाग कार्यालयांत जाऊन विचारावें. शिकलेल्या माणसास हें काम मजुरीवरून थकून आलेल्या तरुणाहून अधिक सुलभ आहे, कारण त्यास अर्ज लिहितां येतो आणि त्याचा अर्ज वाचलाहि जातो.

आयर्लंडांतील गांवकऱ्यांनीं आपलीं मैदानें एका दिवसांत मिळविलीं नाहींत. उपनगरांतहि तीं एका दिवसांत मिळणार नाहींत. परंतु प्रत्येक वस्तींत एकशें तीस चौरस मीटर माती जरी कायमची राखली गेली, तरी जिल्ह्याचे सामने चालत राहतील, आणि महाराष्ट्रास चढाईबहाद्दर कोठून आणावे हा प्रश्न पडणार नाहीं.