चार तासांच्या आत

मीरा-भाईंदरमधल्या या परिषदेला जमलेले डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका आणि समाजसेवक मित्रहो,

अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आज बाजूला ठेवतो. प्रिस्क्रिप्शन लिहिताना आपण ज्याचा उच्चारही करत नाही, अशा एका दुष्परिणामाविषयी मला बोलायचं आहे. मनोविकारावरच्या काही औषधांमुळे क्वचित लिंगाला ताठरता येते आणि ती तासन्‌तास उतरत नाही. कामेच्छेशी तिचा काही संबंध नसतो. हाच प्रायापिझम.

१९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं आणि या औषधांचं युग सुरू झालं. तेव्हापासून रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, क्लोझापिनपर्यंत बहुतेक औषधं कमीअधिक प्रमाणात अल्फा-१ ग्राही अडवतात. ताठरता उतरायला जो संदेश लागतो, तो याच ग्राहींमार्फत जातो. तो अडला की आत आलेलं रक्त बाहेर पडत नाही, साकळतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि असह्य कळा सुरू होतात. चार तास उलटले की ती आणीबाणी समजायची. चोवीस तासांनंतर कायमच्या नपुंसकत्वाचा धोका फार मोठा, आणि ३६ ते ४८ तासांनंतर ते बहुधा टळत नाही. डोस जास्त झाला म्हणूनच हे घडतं असंही नाही. नेहमीच्या डोसवर, पहिल्या आठवड्यात किंवा काही वर्षांनीसुद्धा घडू शकतं.

हे दुर्मीळ आहे, मान्य. पण क्लोझापिनमुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर घटण्याचा प्रकारही शंभरात जेमतेम एकाला होतो, तरी आपण नेमाने रक्त तपासतोच. मग इथेच आपली जीभ का अडखळते? कारण विषय लाजेचा आहे, आणि ती लाज आपलीही आहे.

ओपीडीत रुग्णाबरोबर आई येते, बायको येते. गोळ्यांचा डबा तिच्या ताब्यात असतो. मुलगा रात्री ‘खाली दुखतंय’ एवढंच म्हणतो. ‘उन्हाळी लागली असेल,’ म्हणून आई धन्या-जिऱ्याचं पाणी देते. तो पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. सकाळ होईतो मोलाचे तास निघून गेलेले असतात. या माउलीला दोष कसा द्यायचा? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ही लाज र. धों. कर्व्यांनी केव्हाच झुगारली होती; १९२७ साली त्यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटले झाले; १९३४मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली. आपल्यावर आज कुणी खटला भरणार नाही. उलट २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २२वं कलम सांगतं की उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत कळले पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे.

काही सहकारी म्हणतात, सांगितलं तर लोक गोळ्याच सोडतील. मला हे पटत नाही. लैंगिक त्रासापायी गोळ्या सोडणारे आजही थोडे नाहीत. ते आपल्याला न सांगता सोडतात, इतकंच. ज्याला आधी सांगितलेलं असतं तो निदान फोन तरी करतो.

आपल्या शहराला समुद्रही आहे, हे विसरू नका. या गोळ्या घेणाऱ्या उत्तनच्या नाखव्याची होडी खोल समुद्रात असेल, तर चार तासांत किनारा गाठणं दूरच. त्याला बंदरावरून निघण्याआधीच विचारलं पाहिजे: कधी ताठरता बराच वेळ राहून आपोआप गेली का? पुष्कळ रुग्णांना आधी अशी सूचना मिळालेली असते. ती मिळाली असेल तर औषधाचा फेरविचार तेव्हाच करावा.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनो, असा रुग्ण वेदनाशामक देऊन घरी पाठवू नका. त्याच्या गोळ्यांची पाकिटं मागवा, यूरोसर्जनला फोन करा. सुईने बाजूने काढलेलं रक्त काळं, दाट निघतं. ते काढून रक्तदाबावर नजर ठेवत फेनिलेफ्रिन सौम्य करून द्यायचं असतं. तेवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया. मुंबईच्या वाटेवर दहिसर चेकनाक्याची गर्दी आहे. रुग्ण मुंबईला पाठवायचाच असेल तर तासभर विचार करत बसू नका. या त्रासामागे सिकलसेल तर नाही ना, याचीही चौकशी करा, विशेषतः माणूस विदर्भातला किंवा नंदुरबारकडचा असेल तर. त्यानंतर औषध मनोविकारतज्ज्ञाने बदलावं. अमिसल्प्राइडसारखं अल्फा-१वर फारसा परिणाम नसलेलं औषध विचारात घेता येतं. सगळंच एकदम बंद केलं तर जुना आजार उलटतो.

फार्मासिस्ट मित्रांनो, याच रुग्णाने झोपेसाठी ट्रॅझोडोन किंवा काउंटरवरून सिल्डेनाफिल मागितलं, तर तुम्ही त्याला थांबवू शकता; त्यांनीही हा धोका वाढतो.

माझी मागणी मोठी नाही. उद्या सकाळच्या पहिल्या रुग्णापासून पुढची वाक्यं बोला, आणि मगच कागद त्याच्या हातात द्या: ‘या गोळीने क्वचित लिंग ताठ राहतं. चार तासांत उतरलं नाही तर रात्र असो, पहाट असो, सरळ इस्पितळात ये. लाजू नकोस, मला फोन कर.’